संत इग्नेशियस : परक्या शहरातला विद्यार्थी



येत्या ३१ जुलैला ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करील. ह्याच दिवसांत आपल्या धर्मग्रामातल्या काही घरांत मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघण्याची धावपळ चालू असते. कर्जाचे कागद, व्हिसा, विमानाचे तिकीट, बॅगेचे वजन, आईने डब्यात भरून दिलेला मसाला आणि निघण्यापूर्वी फादरांचा आशीर्वाद. हा सण आणि ही धावपळ एकाच सुमारास येतात, म्हणून ह्या रविवारी आम्ही संत इग्नेशियस यांच्या जीवनातला एक वेगळा भाग आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पॅम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने जखमी झालेला सरदार आपल्याला ठाऊक आहे. येशूसंघाचे संस्थापक आणि आध्यात्मिक साधनेचे गुरू म्हणूनही आपण त्यांना ओळखतो. पण ह्या दोन चित्रांच्या मध्ये एक विद्यार्थी आहे. वय पस्तिशीच्या पुढे गेलेले, एक पाय आखूड, खिशात दुसऱ्यांनी दिलेले पैसे, आणि भोवती परके शहर. त्यांच्या परदेशातल्या पहिल्या दिवसांत जे घडले ते वाचले की संत काही वेगळ्या मातीचे नसतात हे कळते, आणि ते संत कसे झाले हेही थोडे कळते.

शिकायचे कशासाठी?

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेस, बास्क प्रांतातल्या लोयोला येथे सरदार घराण्यात झाला. घरी त्यांना इनिगो म्हणत. इग्नेशियस हे नाव ते पुढे पॅरिसच्या विद्यापीठात असताना लावू लागले. २० मे १५२१ रोजी पॅम्प्लोनाच्या लढाईत त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट जुळले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. तरीही पाय आखूड राहिला तो राहिलाच, आणि ते जन्मभर थोडे लंगडत चालले.

त्या आजारपणात ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचून त्यांचे मन पालटले. मान्रेसा गावी सुमारे वर्षभर त्यांनी प्रार्थना व तपश्चर्या केली. १५२३ साली ते यात्रेकरू म्हणून येरुशलेमला गेले. तिथेच राहून लोकांची सेवा करावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु पवित्र स्थळांची देखभाल करणाऱ्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहू दिले नाही, कारण तिथे परक्यांच्या जिवाला धोका होता. जड मनाने परतताना त्यांनी पुढे काय करायचे ह्याचा विचार केला. लोकांना देवाकडे नेण्यास मदत करायची तर आधी आपण शिकले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. बार्सेलोना शहरात जेरोनिमो आर्देव्होल नावाच्या शिक्षकांनी त्यांना फी न घेता लॅटिन शिकवायचे कबूल केले आणि इझाबेल रोसेर ह्या भाविक बाईंनी त्यांच्या पोटापाण्याची सोय पाहिली. एकेकाळी राजदरबारी लोकांत वावरलेले हे गृहस्थ आता लहान मुलांबरोबर शब्दांची रूपे घोकू लागले. पण पुस्तक उघडले की मनात प्रार्थनेचे गोड विचार यायचे आणि पाठांतर राहून जायचे. एरवी प्रार्थनेला किंवा मिस्साला बसल्यावर असे विचार येत नाहीत, ते नेमके अभ्यासाच्या वेळीच येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग हा चांगल्याच्या वेषातला मोह आहे असे त्यांनी ठरवले. शिक्षकांना ते समुद्रमातेच्या चर्चमध्ये घेऊन गेले आणि तिथे बसून त्यांनी वचन दिले की, बार्सेलोनात भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर पुढची दोन वर्षे आपण एकही तास चुकवणार नाही.

दोन वर्षांनंतर ते आल्काला येथे आणि नंतर सालामांका येथे शिकायला गेले. तिथे मात्र अभ्यास मागे पडला. ते रस्त्यावर, घराघरांत देवाविषयी बोलत आणि लोक ऐकायला जमत. पदवी नसलेला माणूस हे कोणत्या अधिकाराने शिकवतो असा संशय घेतला गेला. आल्कालात ४२ दिवस आणि सालामांकात २२ दिवस त्यांना तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या शिकवणीत दोष सापडला नाही. तरी आणखी चार वर्षे शिकेपर्यंत काही विषयांवर बोलू नये अशी अट त्यांना घालण्यात आली. तेव्हा त्यांनी पॅरिसला जायचे ठरवले.

बार्सेलोनातल्या हितचिंतकांनी त्यांना खूप अडवले. फ्रान्स आणि स्पेन यांच्यात वैर पेटलेले होते. सीमेपलीकडे स्पॅनिश माणूस सापडला तर त्याला जिवंत भाजतात, अशाही गोष्टी लोक सांगत. इग्नेशियस यांना भीती वाटली नाही. १५२८ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, ते एकटे आणि पायी निघाले. २ फेब्रुवारीला, म्हणजे प्रभूच्या समर्पणाच्या सणादिवशी, ते पॅरिसला पोहोचले.

पंचवीस सुवर्णमुद्रा

पॅरिसचे विद्यापीठ त्या काळी सबंध युरोपात गाजलेले होते. सेन नदीच्या दक्षिण तीरावर टेकडीच्या उतारावर कॉलेजांची दाटी होती आणि देशोदेशीची मुले तिथे शिकत होती. शहराची भाषा फ्रेंच आणि वर्गातली लॅटिन. ह्या दोन्हींत इग्नेशियस परकेच होते. आजही परदेशी गेलेला विद्यार्थी पहिल्यांदा करतो तेच त्यांनीही केले. आपल्या देशाची माणसे शोधली आणि काही स्पॅनिश विद्यार्थ्यांबरोबर एका घरात जागा घेतली.

शिकण्यासाठी ते माँतेग्यू कॉलेजात जाऊ लागले. हे कॉलेज कडक शिस्तीसाठी आणि निकृष्ट जेवणासाठी प्रसिद्ध होते. थोर विद्वान एरास्मस काही वर्षांपूर्वी तिथे राहून गेले होते आणि त्या जेवणाविषयी त्यांनी पुढे फार कडवट लिहिले. आज त्या जागेवर संत जनव्हियेव्ह यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय उभे आहे. स्पेनमध्ये आपण घाईघाईने एकदम अनेक विषय हाती घेतले आणि पाया कच्चा राहिला, हे इग्नेशियस यांना कळून चुकले होते. म्हणून पॅरिसमध्ये त्यांनी वरचा वर्ग मागितला नाही. ते पुन्हा लॅटिनच्या वर्गात, आपल्या निम्म्या वयाहूनही लहान मुलांच्या शेजारी जाऊन बसले. मिशा फुटलेल्या माणसाला पोरांच्या बाकावर बसायला किती जड जात असेल, याचा विचार आपणच करावा.

बार्सेलोनाहून निघताना त्यांच्याजवळ एक हुंडी होती. ती दाखवल्यावर पॅरिसमधल्या एका व्यापाऱ्याने त्यांना २५ सुवर्णमुद्रा दिल्या. ही त्यांच्या उपकारकर्त्यांची मदत होती. त्यावर काही महिने भिक्षेची काळजी न करता अभ्यास करता आला असता. इग्नेशियस यांनी ते पैसे त्याच घरात राहणाऱ्या एका स्पॅनिश सोबत्याकडे सांभाळायला दिले.

त्यांनी असे का केले असेल? पैसा जवळ बाळगायला त्यांना आवडत नसे, हे त्यांच्या आधीच्या आयुष्यावरून दिसते. येरुशलेमच्या यात्रेला निघताना हातात उरलेली पाच-सहा नाणी त्यांनी बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर एका बाकावर ठेवून दिली होती. शिवाय तो सोबती आपल्या देशाचा, आपल्या भाषेचा. परक्या गावात आपला माणूस भेटला की विश्वास पटकन बसतो. आपल्या मुलांचेही तसेच होते.

त्या सोबत्याने थोड्याच दिवसांत सगळे पैसे खर्च करून टाकले, आणि परत करायला त्याच्याजवळ काहीच नव्हते. उपवासकाळ संपला, ईस्टर आले, आणि इग्नेशियस यांच्या हातात एक नाणेही उरले नाही. भाडे देता येईना म्हणून राहते घर सोडावे लागले. पॅरिसला येऊन त्यांना जेमतेम अडीच-तीन महिने झाले होते.

धर्मशाळेतले दिवस

नदीच्या पलीकडे, शहराच्या उत्तर भागात, संत याकोब यांच्या नावाची एक धर्मशाळा होती. स्पेनमधल्या संत याकोबच्या समाधीकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी ती बांधलेली होती. तिथे इग्नेशियस यांना आसरा मिळाला. डोक्यावर छप्पर आले, पण अभ्यासाची मात्र दैना झाली. धर्मशाळेपासून कॉलेज बरेच लांब होते. पूल ओलांडून, बेट ओलांडून, पुन्हा पूल ओलांडून टेकडी चढायची, आणि तीही लंगडत्या पायाने. कॉलेजचे पाठ उजाडण्यापूर्वीच सुरू होत. धर्मशाळेचा दरवाजा उजाडल्याशिवाय उघडत नसे, आणि संध्याकाळी आंजेलसची घंटा होण्याआधी परतले नाही तर तो बंद होत असे. म्हणजे सकाळचा पहिला पाठ बुडायचा आणि संध्याकाळचा शेवटचाही. मधला वेळ भाकरी मागण्यात जायचा. ज्यासाठी एवढी वाट तुडवीत आलो ते शिक्षणच हातून निसटत आहे, हे त्यांना रोज दिसत होते.

मग त्यांनी नोकरी शोधायचे ठरवले. त्या काळी गरीब विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाकडे घरकाम करीत आणि उरलेल्या वेळात शिकत. सरदाराच्या ह्या मुलाने मनाची तयारीही करून ठेवली होती. मालक म्हणजे साक्षात प्रभू ख्रिस्त असे समजायचे, घरातल्या एका विद्यार्थ्याला पेत्र मानायचे, दुसऱ्याला योहान, आणि बाकीच्यांना इतर प्रेषित. मालकाने काम सांगितले की ते ख्रिस्तानेच सांगितले असे धरून करायचे. ओळखीच्या लोकांकरवी त्यांनी पुष्कळ खटपट केली. कार्थुसियन मठातल्या एका मठवासींची बऱ्याच प्राध्यापकांशी ओळख होती, त्यांनाही त्यांनी गळ घातली. पण कुणीही त्यांना कामावर ठेवले नाही. पस्तिशी उलटलेला, लंगडा, परदेशी नोकर कुणाला हवा होता?

आपल्या ओळखीचे जे तरुण परदेशात शिकताना हॉटेलात भांडी घासतात किंवा रात्रपाळीला गोदामात सामान उचलतात, त्यांना ही गोष्ट जवळची वाटेल. कामाची लाज त्यांना वाटली नाही. कामच मिळाले नाही.

शेवटी एका स्पॅनिश धर्मगुरूंनी त्यांना व्यवहाराचा सल्ला दिला. रोज भिक्षा मागून रोजचा अभ्यास बुडवण्यापेक्षा वर्षातले दोन महिने काढून फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये जावे. तिथे ब्रूज आणि अँटवर्प ह्या बंदरांत श्रीमंत स्पॅनिश व्यापारी होते. त्यांच्याकडून वर्षाची बेगमी करून आणावी आणि बाकीचे दिवस निश्चिंतपणे शिकावे. इग्नेशियस यांना हे पटले. पुढची तीन वर्षे ते असे जात राहिले. एकदा तर ते इंग्लंडमध्ये लंडनपर्यंत गेले आणि त्या वर्षी आधीपेक्षा जास्त मदत मिळाली. पुढे त्यांची ओळख पटल्यावर व्यापाऱ्यांची मदत पॅरिसलाच येऊ लागली.

आम्हांला ह्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इग्नेशियस यांनी देवावर पूर्ण भरवसा ठेवला, पण म्हणून ते हात बांधून बसले नाहीत. चौकशी केली, अनुभवी माणसाचा सल्ला घेतला, आणि तो मानला. परक्या गावात सल्ला विचारण्यात कमीपणा नसतो.

रूआँची वाट

आता ज्याने ते पैसे उडवले त्या सोबत्याकडे वळू. त्याचे नाव इग्नेशियस यांनी आपल्या आठवणी सांगतानाही घेतले नाही. १५५३ नंतर रोममध्ये त्यांनी आपली जीवनकथा एका सहकाऱ्याला सांगितली. तिच्यात हा प्रसंग सविस्तर आहे, पण त्या माणसाचे नाव नाही. पंचवीस वर्षांनंतरही त्यांनी त्याची अब्रू झाकून ठेवली.

१५२९ साली तो सोबती पैसे न फेडताच स्पेनला परत जायला निघाला. जहाज पकडण्यासाठी तो रूआँ शहरी थांबला आणि तिथेच आजारी पडला. ओळखीचे कुणी नाही, हाती पैसे नाहीत. अशा वेळी त्याने पत्र कुणाला लिहावे? ज्याचे पैसे त्याने खाल्ले होते त्या इग्नेशियस यांनाच त्याने लिहिले. माणूस अडचणीत सापडला की आपले खरे कोण हे त्याला बरोबर समजते.

पत्र मिळताच इग्नेशियस यांनी त्याला भेटायला जायचे ठरवले. त्याला धीर द्यावा आणि जमल्यास त्याचे मन देवाकडे वळवावे, अशी त्यांची इच्छा होती. पॅरिस ते रूआँ हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. ते अनवाणी, अन्नपाणी न घेता चालत जायचे, त्या माणसासाठी ही तपश्चर्या देवाला अर्पण करायची, असे त्यांच्या मनात आले. पण आपण देवाची परीक्षा तर पाहत नाही ना, अशी धास्तीही वाटू लागली. डॉमिनिकन संघाच्या मठात जाऊन त्यांनी प्रार्थना केली. तिथे मन स्थिर झाले आणि जायचे पक्के ठरले.

दुसऱ्या दिवशी ते पहाटे उठले. कपडे घालू लागले तोच इतकी भीती दाटून आली की, अंगात कपडे चढवणेही अवघड झाले. तशाच अवस्थेत ते घराबाहेर पडले आणि उजाडण्यापूर्वी शहराबाहेर गेले. भीती सुटली नाही. काही कोसांवरचे आर्जाँतय गाव आले तरी मनावर तेच ओझे होते. गाव मागे पडले, ते एक चढण चढू लागले, आणि एकाएकी ते ओझे उतरले. मन इतके आनंदाने भरून आले की, त्या मोकळ्या शेतांतून चालता चालता ते मोठ्याने देवाशी बोलू लागले.

ती रात्र त्यांनी एका धर्मशाळेत एका भिकाऱ्याच्या सोबतीने काढली. दुसरी रात्र गवताच्या खोपटात काढली. तिसऱ्या दिवशी ते रूआँला पोहोचले, अनवाणी आणि उपाशी. त्यांनी त्या आजारी माणसाला शोधून काढले, त्याची विचारपूस केली, त्याला धीर दिला. मग त्याला स्पेनला जाणाऱ्या जहाजात बसवून दिले, आणि वर सालामांकातल्या आपल्या मित्रांच्या नावे ओळखीची पत्रेही दिली, म्हणजे तिथे उतरल्यावर त्याला कुणीतरी असावे.

पैशांचे काय झाले? ते परत मिळाल्याचा कुठेही उल्लेख नाही.

बंधुभगिनींनो, क्षमा हा शब्द आपण दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत उच्चारतो. ती बहुधा मनातल्या मनात राहते. ज्याने फसवले त्याच्याशी बोलणे टाकायचे नाही, त्याचे वाईट चिंतायचे नाही, एवढे जमले तरी आपल्याला पुष्कळ केल्यासारखे वाटते. इग्नेशियस यांच्या क्षमेला मात्र तीन दिवस चालावे लागले. आणि निघताना त्यांना उत्साह वाटत नव्हता, भीती वाटत होती, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे. आनंद वाटेत, चढणीवर मिळाला. घरी बसून तो मिळाला नसता.

एका खोलीतले तिघे

रूआँहून परत येतात तोच पॅरिसमध्ये नवे संकट उभे होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली साधना केलेल्या तीन विद्यार्थ्यांनी आपली चीजवस्तू, पुस्तकेसुद्धा, गरिबांना वाटून टाकली होती आणि ते धर्मशाळेत राहायला गेले होते. त्यांचे मित्र संतापले. इग्नेशियस पोरांची डोकी बिघडवतात अशी ओरड झाली आणि धर्मन्यायाधीशांकडे तक्रार गेली. हे कानावर येताच बोलावण्याची वाट न पाहता इग्नेशियस स्वतःच त्यांच्यासमोर उभे राहिले. माझी काय चौकशी करायची ती लवकर करा, मला १ ऑक्टोबरला तत्त्वज्ञानाच्या वर्गात जायचे आहे, अशी त्यांनी विनंती केली. पुढे त्या तक्रारीतून काही निघाले नाही.

त्या ऑक्टोबरात ते संत बार्बरा यांच्या नावाच्या कॉलेजात राहायला गेले. पॅरिसला येऊन दीड वर्ष उलटल्यावर त्यांना अभ्यासाजोगी जागा मिळाली. खोलीत आधीपासून दोघे तरुण होते. दोघेही तेवीस वर्षांचे. एक सॅव्हॉय प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी मेंढरे राखलेला, पीटर फेबर. दुसरा नवारच्या सरदार घराण्यातला, हुशार, मोठ्या पदाची स्वप्ने पाहणारा, फ्रान्सिस झेवियर.

फेबर अभ्यासात पुढे होते. आपल्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या ह्या विद्यार्थ्याला त्यांनी ॲरिस्टॉटल समजावून द्यायचे काम घेतले. इग्नेशियस त्यांना मनाची शांती कशी मिळवावी हे शिकवू लागले. दोघांची मैत्री जुळली. झेवियर यांचे मन मात्र लवकर वळले नाही. त्यांना ह्या लंगड्या सोबत्याचे वागणे विचित्र वाटे. इग्नेशियस यांनी त्यांच्यापुढे उपदेश केला नाही. झेवियर शिकवू लागले तेव्हा त्यांच्या वर्गासाठी विद्यार्थी मिळवून दिले, आणि त्यांना पैशांची चणचण पडली तेव्हा मदत केली. १५३५ साली झेवियर यांनी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात ह्याची कृतज्ञतेने नोंद केली आहे. इग्नेशियस यांनी आपल्याला पैशांच्या बाबतीत मदत केलीच, शिवाय वाईट संगतीपासूनही वाचवले, असे त्यांनी कळवले.

म्हणजे पाहा. पहिल्याच वर्षी ज्यांचे पैसे सोबत्याने खाल्ले, त्यांनी तेव्हापासून पैसा लपवून ठेवायला किंवा सोबत्यांवर संशय घ्यायला सुरुवात केली नाही. फ्लँडर्सहून आणलेल्या मदतीतून ते इतर गरजू विद्यार्थ्यांनाही देत राहिले. परक्या शहरात पहिल्या दिवसांत आपल्याला जे मिळाले नाही, ते पुढच्याला मिळावे अशी त्यांची वृत्ती झाली.

१३ मार्च १५३३ रोजी ते पॅरिस विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण झाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, सात मित्र पॅरिसजवळच्या माँमार्त्र टेकडीवरच्या छोट्या चॅपेलमध्ये जमले. त्यांच्यापैकी फक्त फेबर यांचा गुरुदीक्षाविधी झालेला होता. त्यांनी मिस्सा अर्पण केला आणि सर्वांनी दारिद्र्याचे, ब्रह्मचर्याचे आणि येरुशलेमला जाऊन सेवा करण्याचे व्रत घेतले. येरुशलेमचे दार बंद राहिले तर पोप महोदय पाठवतील तिथे जायचे, असेही ठरले. ह्या मैत्रीतूनच येशूसंघ जन्माला आला. पोप तिसरे पॉल यांनी २७ सप्टेंबर १५४० रोजी त्याला मान्यता दिली.

सहा मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. पुढे ते आपल्या वसईलाही येऊन गेले. १५५२ साली चीनच्या उंबरठ्यावर त्यांना मरण आले, आणि त्यांचे शरीर आज जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकात आहे. २०२४ सालच्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालेल्या दर्शन सोहळ्याला आपल्यापैकी कित्येकजण जाऊन आले असतील. त्या रांगेत उभे असताना पॅरिसमधली ती विद्यार्थ्यांची खोली कुणाच्या मनात आली असेल का? त्या खोलीत इग्नेशियस यांना जागा मिळाली नसती तर झेवियर कदाचित नवारमध्ये मोठे अधिकारी म्हणून राहिले असते.

इग्नेशियस स्वतः पुढे रोममध्येच राहिले. १५५१ साली त्यांनी तिथे एक शाळा सुरू केली. दारावर पाटी लावली होती की, इथे व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती शिकवण विनामूल्य शिकवली जाते. फी भरायला पैसे नसल्याने, भाकरी मागता मागता ज्यांचे पाठ बुडाले, त्यांनीच ती पाटी लावली हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. ३१ जुलै १५५६ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा येशूसंघात सुमारे हजार सभासद होते. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस आणि झेवियर यांना एकाच दिवशी संतपद जाहीर झाले. तिसरे सोबती फेबर यांना संतपद मिळायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले. येशूसंघातून आलेले पहिले पोप फ्रान्सिस यांनी ते जाहीर केले.

आपल्यासाठी

परदेशी निघालेल्या आमच्या मुलामुलींना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, पहिले काही महिने जड जातील. खोली मिळणार नाही, मिळाली तर लांब मिळेल. वर्गात बोललेले अर्धे कळणार नाही. पैशांचा व्यवहार जपून करा, उसने देताघेताना कागदावर लिहून ठेवा, आणि अडचण आली तर ती घरापासून लपवू नका. तिथल्या चर्चमध्ये पहिल्याच रविवारी जा, कारण तिथे तुमचे नाव विचारणारे कुणीतरी भेटेल. आणि तरीही कुणी फसवलेच, तर त्या एका माणसामुळे सगळ्यांवरचा विश्वास सोडू नका. संत इग्नेशियस यांनाही त्यांच्याच देशाच्या माणसाने फसवले होते.

जे आधीच तिथे स्थिरावले आहेत, त्यांच्याही घरी हे पत्रक कुणीतरी फोनवरून पाठवीलच. त्यांना आमची विनंती आहे की, आपल्या गावचा नवा विद्यार्थी तुमच्या शहरात येईल तेव्हा त्याला विमानतळावर घ्यायला जा. पहिले चार दिवस जेवायला घाला. बँकेत खाते कसे उघडायचे, बस कुठून सुटते हे दाखवा. तुम्हांला ते दिवस आठवत असतील.

आणि आपण जे इथेच आहोत, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात असा एखादा माणूस असेल, ज्याने आपले काही बुडवले, पैसे म्हणा किंवा विश्वास म्हणा. तो बहुधा रूआँइतका लांब राहत नाही. शेजारच्या आळीत असेल, कदाचित आज मिस्सालाही आला असेल. त्याच्या आजारपणाची बातमी कानावर येईपर्यंत थांबायलाच हवे असे नाही.

३१ जुलैच्या मिस्सात शिक्षणासाठी घर सोडून गेलेल्या आपल्या सर्व मुलामुलींसाठी आपण विशेष प्रार्थना करू या. संत इग्नेशियस त्यांच्यासाठी आणि आपल्या सर्वांसाठी प्रभूजवळ विनंती करोत.